दुसऱ्या जहाजाच्या फळ्या

भांडीं धुण्याचें एखादें जुनें यंत्र बंद पडलें. त्याचा एक लहानसा भाग आतां कोणताही कारखाना करीत नाहीं. तो मिळविण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे त्याच जातीचें दुसरें यंत्र फोडणें. तें फोडावें कीं न फोडावें? इतक्या क्षुल्लक गोष्टीवर मासिकाचीं पानें खर्ची घातलेलीं पाहून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सत्य, न्याय, कर्तव्य असल्या भारदस्त शब्दांचा सुकाळ असतो. रबराच्या कड्याला आणि नायलॉनच्या दांतेरी चाकाला तेथें सहसा प्रवेश मिळत नाहीं. शिवाय आपल्याकडे भांडीं घासण्याचें काम शेंकडों वर्षें माणसांच्या, त्यांतही बायकांच्या, हातांनींच होत आलें. मध्यमवर्गीयांच्या घरांत या यंत्राची चौकशी खऱ्या अर्थानें सुरू झाली ती २०२० सालच्या टाळेबंदींत, कामाच्या बायका येईनाशा झाल्या तेव्हां. त्यामुळें हा प्रश्न आपला नव्हे असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. तो मूळचा अमेरिकेंतला आहे, आणि त्याचा विचारही आम्ही बव्हंशीं तेथेंच करणार आहों.

त्या देशांत जुनीं यंत्रें मिळवून, उलगडून, गंज काढून तीं पुन्हां चालू करणाऱ्या हौशी लोकांचा एक वर्ग आहे. आपल्याकडे जुन्या मोटारी व रेडिओ यांच्या पाठीं लागणारे लोक असतात, त्यांच्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, मोटार दाराशीं उभी करून मिरवितां येते. भांडीं धुण्याचें यंत्र ओट्याखालीं जाऊन बसतें आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. तेव्हां ही हौस निव्वळ मिरवण्याची नसावी, असें मानावयास जागा आहे.

या यंत्राचा जन्मच मुळीं जुनी वस्तु राखण्याच्या इच्छेंतून झाला. इलिनॉय संस्थानांतील शेल्बीव्हिल गांवच्या जोसेफिन कॉक्रन नांवाच्या सुखवस्तु बाईंकडे चिनी मातीच्या मूल्यवान बशा होत्या. नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत. बाईंनीं कांहीं दिवस त्या स्वतः धुऊन पाहिल्या, त्या कामाचा त्यांस लवकरच कंटाळा आला, आणि त्यांनीं यंत्र करण्याचें मनावर घेतलें. पुढें १८८३ सालीं त्यांचे यजमान मागें कर्ज ठेवून वारले, आणि हौसेची गोष्ट पोटाची होऊन बसली. जॉर्ज बटर्स नांवाच्या एका कारागिराच्या साहाय्यानें त्यांनीं तें यंत्र सिद्ध केलें, व २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्यांस ३५५१३९ क्रमांकाचें पेटंट मिळालें. त्यांची कल्पना अशी: प्रत्येक जातीच्या भांड्याच्या मापाचे तारेचे कप्पे करावयाचे, ते एका आडव्या चाकावर बसवून तांब्याच्या बॉयलरांत ठेवावयाचे, आणि खालून साबणाच्या कढत पाण्याचा मारा करावयाचा. भांडें ब्रशानें घासण्याऐवजीं पाण्याच्या जोरानें धुवावें ही युक्ति अद्यापि सर्व यंत्रांत कायम आहे. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत या यंत्राचा गौरव झाला. मात्र गिऱ्हाईक मिळालें तें हॉटेलांचें; घरोघर पुरेसें गरम पाणीच नव्हतें, तेथें गृहिणी तें घेऊन काय करणार? बाई १९१३ सालीं वारल्या. १९२६ सालीं त्यांचा कारखाना हॉबर्ट कंपनीकडे गेला, आणि १९४९ सालीं किचनएड या नांवाखालीं घरगुती यंत्र बाजारांत आलें. बशांचे टवके उडूं नयेत म्हणून निघालेली वस्तु आज स्वतःच जुनी होऊन कोणाच्या तरी जपणुकीची अपेक्षा करीत उभी आहे.

हीं जुनीं यंत्रें मरतात कशीं, हें थोडें समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सगळा वाद त्यावर अवलंबून आहे. बाहेरचें पोलादी पिंप व त्यावरील काचेसारखा मुलामा चाळीस-पन्नास वर्षें टिकतो. मोटारीची तांब्याची गुंडाळीही पुष्कळ दिवस तग धरते. आधीं जातें तें रबर. मोटारीचा दांडा जेथें पाण्यांत शिरतो तेथें पाणी मोटारींत उतरूं नये म्हणून एक सील बसविलेलें असतें. दाराच्या कडेला एक लवचिक पट्टी असते. नळाचें पाणी आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हमध्यें रबराचा पातळ पडदा असतो. उष्णतेनें व हवेनें रबर कडक होतें, चिरतें, आणि पाणी नको तेथें वाट काढतें. त्यानंतर भांडीं ठेवावयाच्या तारांच्या जाळ्या: त्यांवरील प्लॅस्टिकचें वेष्टण एके ठिकाणीं तडकलें कीं आंतली तार गंजूं लागते.

पण खरा मर्मभाग टायमर. घड्याळांतल्यासारखी एक लहानगी मोटार एक नळकांडें फार सावकाश फिरविते. त्या नळकांड्यावर उंचवटे असतात. उंचवटा आला कीं विजेचे दोन स्पर्श जुळतात, गेला कीं सुटतात. आणि त्या क्रमानें पाणी आंत येतें, तापतें, उडतें, बाहेर जातें, पुन्हां येतें. वाद्य वाजविणाऱ्या पेटींत सुरांचा क्रम जसा खिळ्यांनीं लिहिलेला असतो, तसा येथें धुण्याचा क्रम उंचवट्यांनीं लिहिलेला असतो. आंतील नायलॉनच्या चाकाचा एक दांत मोडला, कीं त्या यंत्राला बळ असतें, हात असतात, परंतु पुढें काय करावयाचें याची स्मृति राहत नाहीं. प्रत्येक नमुन्याचा टायमर निराळा असतो. एकाचा दुसऱ्यास लागेलच असें नाहीं. कारखान्यानें तो करण्याचें सोडलें, कीं जगांत जितके उरले तितकेच. त्यांत यापुढें एकाचीही भर पडावयाची नाहीं.

आमचा एक पुतण्या ओहायो संस्थानांत राहतो. त्यानें घेतलेल्या घरांत असेंच एक १९७० नंतरच्या दशकांतलें यंत्र होतें. बाहेरून तें इतकें स्वच्छ होतें कीं, कालच दुकानांतून आणलें असें वाटावें. टायमर तेवढा गेलेला. दोन वर्षें शोध करून त्यानें त्याच नमुन्याचें दुसरें यंत्र मिळविलें. या दुसऱ्याचें दार चेपलेलें, जाळ्या गंजलेल्या, रंग उडालेला. पण वीज आणि पाणी जोडतांच तें बिनतक्रार चालूं लागलें. तेव्हां त्यानें आम्हांस दूरध्वनि करून विचारलें, "काका, तुम्ही जन्मभर पोरांना नीतिशास्त्र शिकवलंत. आतां मला एवढंच सांगा, हें दुसरं यंत्र फोडूं कीं नको?"

प्रश्न थट्टेनें विचारलेला होता, परंतु तो मनांतून जाईना. एक यंत्र देखणें पण निर्जीव. दुसरें कुरूप पण चालतें. देखण्याला जीव द्यावयाचा तर कुरूपाचा घेतला पाहिजे.

तर्कशास्त्राचे अध्यापक ज्या एका कथेवर पिढ्यान् पिढ्या तास घेत आले आहेत, आणि आम्हींही कित्येक घेतले, ती कथा येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. प्लुटार्कनें लिहून ठेविलें आहे कीं, थीसियस ज्या जहाजांतून परत आला तें अथेन्सच्या लोकांनीं फार वर्षें जतन केलें. कुजलेली फळी काढावी व नवी बसवावी, असा क्रम चालला. आणि सर्व फळ्या बदलल्यावर जहाज तेंच कीं दुसरें, याविषयीं तत्त्वज्ञांत वाद पडला. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणीं जमवून त्यांचें पुन्हां जहाज बांधलें, तर दोहोंपैकीं खरें कोणतें? आपल्याकडील बौद्ध वाङ्मयांत मिलिंद राजास भदंत नागसेनानें रथाच्या दृष्टांतानें अशाच पेचांत धरिलें आहे: आंस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, मग रथ तो कोणता? नागसेनाच्या मतें रथ हें केवळ व्यवहाराचें नांव. हा वाद मोठा गोड आहे, आणि त्यांत हारजीत झाली तरी कोणाचें कांहीं जात नाहीं.

परंतु या सर्व चर्चेंत एक गोष्ट कोणीं विचारलेली आम्हांस आढळली नाहीं. अथेन्सच्या लोकांनीं त्या नव्या फळ्या आणल्या कोठून? उघडच आहे, रानांतून. लांकूड मुबलक, सुतार हाताशीं, आणि फळी म्हणजे कोणतीही फळी. तासून बसविली कीं झालें. म्हणून त्या कथेंत प्रश्न उरला तो फक्त नांवाचा. आमच्या पुतण्याच्या हाताशीं रान नव्हतें. त्याची फळी दुसऱ्या जहाजांतूनच यावयाची होती, आणि तें दुसरें जहाज अद्यापि तरंगत होतें. फळीचा पुरवठा संपला म्हणजे 'हें तेंच कीं दुसरें' हा प्रश्न मागें पडतो, व 'कोणाचें मोडून कोणाचें जोडावें' हा पुढें येतो. पहिला प्रश्न सत्तेविषयींचा आहे, दुसरा न्यायाविषयींचा. आणि या दुसऱ्याचें उत्तर टाळून राहतां येत नाहीं, कारण स्क्रू हातांत असतो.

आम्हीं पुतण्यास सांगितलें तें असें: जें चालतें तें फोडूं नये. देखण्या यंत्राचें दार व जाळ्या काढून त्या कुरूपास बसवाव्या. जें मेलें आहे त्यानें जित्याला द्यावें, हा ओघ स्वाभाविक आहे. उलटा ओघ आम्हांस पटत नाहीं. यावर तो म्हणाला, "पण मग तें माझं यंत्र राहणार नाहीं." येथें थीसियसचें जहाज मागील दारानें पुन्हां आंत आलें! ज्या पिंपाला मुळचा क्रमांक ठोकलेला, जें त्या स्वयंपाकघरांत पन्नास वर्षें उभें, तेंच त्याला हवें होतें. त्यानें अखेर टायमर काढून घेतला. मात्र राहिलेलें यंत्र त्यानें भंगारांत घातलें नाहीं. त्याचा पंप एकाला, व्हॉल्व्ह दुसऱ्याला, मोटार तिसऱ्याला, फिरते फवारे चौथ्याला, असे ते भाग पोस्टानें चार गांवीं गेले. एक चालतें यंत्र मोडून पांच चालूं लागलीं. आमचें मत आम्हीं बदललेलें नाहीं. तथापि हा हिशेब ज्याला खोडून काढतां येईल त्यानें काढावा. आम्हांस तो अजून पुरता खोडतां आलेला नाहीं. पांचांसाठीं एकाचा बळी द्यावा काय, हा प्रश्न माणसांच्या बाबतींत आम्ही तात्काळ धुडकावून लावतों, आणि तें योग्यच आहे. कारण माणूस हा कोणाचा सुटा भाग नव्हे. यंत्राच्या बाबतींत तितक्या जोरानें धुडकावण्याचा अधिकार आपणांस आहे कीं नाहीं, याविषयीं शंका राहते.

पण हा पेंच मुळांत उत्पन्न कोणीं केला? पुतण्याने नव्हे, आणि त्या दुसऱ्या यंत्रानें तर नव्हेच.

आपल्या गांवगाड्यांत बैलगाडीचा आरा मोडला, तुंबा फाटला किंवा धाव निखळली, तर शेतकरी सुताराकडे व लोहाराकडे जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या पुस्तकांत बलुतेदारांचें जें वर्णन आहे तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. सुताराला सुगीच्या वेळीं धान्याचा वांटा मिळे, आणि वर्षभर औतें व गाड्या चालत्या ठेवणें हें त्याचें काम असे. ज्यानें केलें त्यानेंच सांधावयाचें, आणि तो त्याच गांवांत राहणारा. ती व्यवस्था परत यावी असें कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाहीं. तींत जन्माची बेडी होती, आणि ज्यांच्या वांट्यास घाणेरडीं कामें व उष्टें अन्न आलें त्यांनीं ती मोडून काढली हें उत्तम झालें. परंतु करणारा व सांधणारा एकच असल्यामुळें वस्तूबरोबर तिच्या दुरुस्तीचा करारही आपोआप हातीं येई, एवढी गोष्ट त्यांतून वेचून घेण्यास हरकत नाहीं.

कारखान्यानें हा करार मोडला, आणि त्याच्या जागीं दुसरा दिला. १७८५ सालीं टॉमस जेफर्सन पॅरिस येथें असतां त्याला एका कारागिरानें बंदुकीच्या चापांचे सुटे भाग निरनिराळे ढीग करून दाखविले. जेफर्सननें हाताला येतील ते भाग उचलून स्वतः कित्येक चाप जोडले, आणि ते सर्व बरोबर बसले. हें त्यानें आपल्या सरकारास मोठ्या उत्साहानें कळविलें. सुटा भाग ही कल्पना अशा रीतीनें बंदुकीच्या पोटीं जन्मास आली. यापुढें सुताराची वाट पाहावयास नको. मोडलेला भाग टाका, तसाच दुसरा घ्या. आश्वासन मोठें होतें. त्यांतील गोम मागाहून कळली. कोणताही भाग कोणत्याही यंत्रास बसेल हें खरें, पण तो त्याच कारखान्याचा असला पाहिजे. आणि कारखान्याचें मन उडालें कीं सगळ्याच यंत्रांचा आधार एकदम सुटतो. गांवचा सुतार मेला तर शेजारच्या गांवचा येई. टायमर करणारा साचा मोडून विकला गेल्यावर शेजारचें गांवच नाहीं.

सर्वच सुट्या भागांची स्थिति अशी नाहीं, आणि येथेंच विचार करण्यासारखें कांहीं आहे. याच यंत्राच्या मोटारींत बॉल-बेअरिंग असतें. त्यावर ६२०३ असा क्रमांक असला, कीं आंतील भोंक १७ मिलिमीटर, बाहेरील व्यास ४० व जाडी १२, हें ठरलें. मग तें ओहायोंत घ्या, जपानांत घ्या, नाहीं तर मुंबईच्या नागदेवी गल्लींत घ्या. तें बेअरिंग कोणा एका यंत्राचें वा कारखान्याचें बांधील राहिलें नाहीं. आपल्या घरांतलें साधें उदाहरण म्हणजे प्रेशर कुकर. रबराची रिंग सैल झाली तर झांकण घेऊन बाजारांत जावें. दुकानदार दोन-तीन रिंगा लावून पाहतो, एक बसते, आणि कुकर पुन्हां कामाला लागतो. लग्नांत आलेला कुकर सुनेच्या हातीं जातो तो पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुणामुळें जितका, तितकाच त्या रिंगेच्या कृपेनें. रिंग मिळेनाशी झाली तर तोच कुकर चार दिवसांत मोडींत जाईल.

तेव्हां मापें दोन प्रकारचीं झालीं: सर्वांचें माप आणि एकट्याचें माप. शेर-पायली ठरविणें हें जसें राजाचें नैतिक कर्तव्य समजत, व खोटें माप ठेवणें हें पाप समजत, तसाच कांहीं विचार या दुसऱ्या प्रकारच्या मापाविषयीं आतां करावा लागेल. जो कारखानदार जाणूनबुजून जगावेगळ्या आंट्यांचा स्क्रू वापरतो, त्यानें गिऱ्हाइकास यंत्र विकलें असें म्हणण्यापेक्षां गिऱ्हाइकास आपल्या दाराशीं बांधून ठेविलें असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. टायमरच्या बाबतींत हेतु इतका वाईट नसेल. प्रत्येक यंत्राचा धुण्याचा क्रम वेगळा, म्हणून टायमर वेगळा. पण हेतु चांगला असला तरी परावलंबन तेंच.

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीं विकलेल्या यंत्राचे भाग अनंत काळ करीत बसा, असें त्याला सांगणें अन्यायाचें आहे. साचे जागा अडवितात, झिजतात. मागणी वर्षाला चार-दोन नगांची. म्हणून कायद्यानें कांहीं मुदत घालावी हें ठीक. युरोपीय संघाच्या १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें भांडीं धुण्याच्या यंत्राचें शेवटचें नग बाजारांत आल्यापासून कांहीं भाग सात व कांहीं दहा वर्षें पुरविले पाहिजेत, आणि ते मागितल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत दिले पाहिजेत. कॅलिफोर्नियाच्या २०२३ सालच्या कायद्यांत शंभर डॉलर व त्यावरील किमतीच्या वस्तूंस सात वर्षांची मुदत आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्काचें एक संकेतस्थळ उघडलें. हें सर्व स्वागतार्ह आहे, पण तें आमच्या प्रश्नाला पुरें पडत नाहीं. सात वर्षें व दहा वर्षें हा यंत्राच्या तारुण्याचा काळ झाला. त्याची गरज लागते म्हातारपणीं.

आमचें म्हणणें असें कीं, भाग करीत राहण्याच्या कर्तव्यास मुदत असावी, परंतु भाग दुसऱ्यास करूं देण्याच्या कर्तव्यास मुदत असूं नये. ज्या दिवशीं कारखाना एखादा भाग करण्याचें सोडतो, त्या दिवशीं त्याचें माप, त्याची आकृति, कोणतें रबर व किती कडक, हें सर्व त्यानें उघड करावें. यांत त्याचें नुकसान काय? जी वस्तु तो विकतच नाहीं तिचें गुपित राखून त्याला लाभ एकच: जुनें यंत्र बंद पडावें आणि नवें खपावें. हा लाभ हक्काचा आहे असें तो उघडपणें म्हणूं शकेल काय? आपण स्वतः विहीर उपसणें सोडलें तर कोणी दोष देणार नाहीं. पण जातांना विहिरीला कुलूप घालून जाणाऱ्यास गांव काय म्हणेल?

कारखान्यानंतर पाळी येते ती ज्यांच्या फडताळांत हे भाग पडून आहेत त्यांची. जुन्या दुकानांतून, मेलेल्या कारागिरांच्या तळघरांतून अजून न वापरलेले, पेटीबंद टायमर निघतात. समजा, असा एकच निघाला आणि मागणारे तिघे आले. एक संग्राहक, जो वाटेल ती किंमत देईल आणि यंत्र दिवाणखान्यांत ठेवील. एक वृद्ध बाई, जिचें रोजचें काम त्या यंत्रावर अडलें आहे. तिसरा गृहस्थ, ज्याचें यंत्र सुरळीत चाललें आहे पण पुढें-मागें बिघडेल म्हणून आतांच घेऊन ठेवावें असा ज्याचा विचार. अमर्त्य सेन यांनीं २००९ सालच्या न्यायविषयक ग्रंथांत एक बासरी व तीन मुलें यांची कल्पना मांडली आहे: एकाला वाजवितां येतें, एक गरीब आहे, एकानें ती केली आहे; आणि तिन्ही दाव्यांना आधार आहे असें त्यांनीं दाखविलें आहे. आमच्या टायमरला तो दृष्टांत पुरता लागत नाहीं. बासरी एकटीही बासरीच असते. टायमर एकटा कांहींच नसतो. पेटींत पडलेला टायमर म्हणजे अर्थ नसलेला उपसर्ग. धातूला लागल्याशिवाय त्याला अर्थ येत नाहीं.

याच कारणानें तिसऱ्या गृहस्थाचा दावा आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो, जरी व्यवहारांत तोच सर्वांत शहाणा समजला जातो. आपल्या भाषेंत संग्रह व परिग्रह असे दोन शब्द आहेत. दोहोंचा धातु एक. ग्रंथालयाचा संग्रह असतो, कारण मागणाऱ्यास तेथून मिळतें. दुसऱ्याची वाट अडवून धरलेली वस्तु हा परिग्रह, आणि योगशास्त्रानें व जैन आचार्यांनीं अपरिग्रह हें व्रत सांगितलें तें अशाच वस्तूंविषयीं. संपत चाललेल्या जातीच्या पांच टायमरांवर जो एकटा बसून राहतो, त्यानें विकत घेतले असतील, पावती असेल, कायदा त्याच्या बाजूनें असेल. तरी चार अनोळखी स्वयंपाकघरें त्यानें बंद ठेविलीं आहेत. संग्राहकाचें मात्र इतकें वाईट वाटत नाहीं. तो निदान यंत्र पुरें करतो.

येथें एक मोठा आक्षेप उभा राहतो, आणि हौशी मंडळी त्याला बगल देतात. हें जुनें यंत्र चालू ठेवावें तरी कां? अमेरिकेंत २०१३ पासूनच्या नियमाप्रमाणें नेहमींच्या आकाराच्या नव्या यंत्रानें एका वेळीं ५ गॅलन, म्हणजे सुमारें १९ लिटर, याहून अधिक पाणी वापरूं नये, व वर्षाला ३०७ युनिटांपलीकडे वीज खाऊं नये, असें बंधन आहे. जुन्या यंत्रांस याच्या दुप्पट आणि त्याहूनही अधिक पाणी लागतें, आणि तें तापविण्यास तितकी वीज. शिवाय जुन्या यंत्राचा एक सुटा भाग असा आहे कीं तो कोणत्याच फडताळांत सांपडणार नाहीं: त्याची पूड. हीं यंत्रें फॉस्फेट असलेल्या पुडीसाठीं बेतलेलीं होतीं. नद्यांत व तळ्यांत शेवाळ माजतें म्हणून २०१० सालीं अमेरिकेंतील अनेक संस्थानांनीं ती पूड बंद केली, आणि कित्येक चांगल्या चालणाऱ्या यंत्रांतून पेले पांढुरके निघूं लागले. तो भाग परत मागण्याचा हक्क कोणास नाहीं. ज्या तळ्यांतील मासे गुदमरतात त्या तळ्याचा दावा आमच्या पेल्याच्या चकाकीहून वरचा आहे.

म्हणून पृथ्वीच्या रक्षणासाठीं आम्ही जुनें यंत्र राखतों, असें जो म्हणतो त्यानें आधीं आपल्या पाण्याचें माप घ्यावें. रोज चालवावयाचें असेल तर हा हिशेब बहुधा त्याच्या विरुद्ध जाईल. आणि जेथें टँकरची वाट पाहावी लागते अशा गांवीं तर त्याची चर्चाही नको. आमच्या मतें राखण्याचें समर्थन दुसरें आहे. जुनें यंत्र उलगडतां येतें. चार स्क्रू काढले कीं पाणी कोठून येतें, कोठें जातें, काय कशास हलवितें, हें साध्या डोळ्यांस दिसतें. नव्यांत टायमरच्या जागीं एक हिरवी पट्टी असते. ती बिघडली कां हें कोणीच सांगत नाहीं, ती बदलावयाची असते. आपल्या घरांतील वस्तु आपणांस कळावी ही इच्छा पाण्याच्या दहा लिटरांपेक्षां मोठी कीं लहान, याचा निवाडा ज्यानें त्यानें करावा. पण ती वेडगळ तरी नाहीं.

जोसेफिन कॉक्रन यांच्या पेटंटाचीं चित्रें आजही कोणास पाहतां येतात. पेटंट हा एक सौदा असतो: कांहीं वर्षें मक्तेदारी घ्या, मोबदल्यांत कृति सर्वांस सांगा. त्या काळीं ही मुदत सतरा वर्षांची असे. म्हणजे १९०३ सालीं बाईंचा हक्क संपला, आणि चित्रें मात्र राहिलीं. एखाद्या तांबटानें व लोहारानें मनांत आणलें तर तीं समोर ठेवून १८८६ सालचें तें यंत्र ते आज बांधूं शकतील. १९७५ सालच्या टायमरांतील नायलॉनच्या चाकाचें मात्र चित्र कोठें लटकलेलें नाहीं. तें चाक पेटंट घेण्याइतकें महत्त्वाचें कोणास वाटलें नव्हतें.

आतां कांहीं हौशी लोक हें काम स्वतःच करूं लागले आहेत. मोडलेलें चाक काढून ते त्याचे दांत मोजतात, व्यास मापतात, संगणकावर आकृति काढतात आणि ती फुकट देऊन टाकतात; मग दुसऱ्या गांवीं कोणी तरी ती घेऊन प्लॅस्टिकचा थर थरावर चढविणाऱ्या छापयंत्रावर चाक उतरवितो. सगळीं चाकें टिकतात असें नाहीं. मक्यापासून काढलेलें जें स्वस्त प्लॅस्टिक यासाठीं सर्रास वापरतात, तें साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतें, आणि वाफेनें तापलेल्या दाराच्या पोटांत तें वांकतें. नायलॉनचें छापावें लागतें. त्याला छापण्यापूर्वीं नीट वाळवावें लागतें, आणि निवतांना तें आंखडतें, म्हणून माप किंचित् वाढवून घ्यावें लागतें.